रविवारचा हीटर

३ डिसेंबर, मंगळवार

आज काचेवर आतून बर्फ! बाहेरून असतो, तो खरवडायची सवय झाली आहे. पण आतून? म्हणजे काल संध्याकाळचा माझाच श्वास रात्रभर काचेला चिकटून गोठलेला.

हीटरचा दांडा पार लाल टोकापर्यंत ओढला होता, पंखा शेवटच्या आकड्यावर. आवाज असा की आता गाडी उडते की काय! आणि पायाशी येतंय काय? लांबून कुणी चहावर फुंकर घालावी तेवढं. लॅबला पोचेपर्यंत बोटं बधिर. कवळीसाठी मेण हातात घेतलं तर मेणच माझ्याहून गरम. पुढचे दोन दात तिरके बसले, दुपारी पुन्हा काढून लावावे लागले. इतकी वर्षं कवळ्या करतेय, तिरका दात म्हणजे माझ्या अब्रूचा प्रश्न.

घरी येऊन कुरकुर केली तर आई म्हणाली, "स्वेटरवर स्वेटर घाल की." संपला विषय!

५ डिसेंबर, गुरुवार

आईच्या खांद्याचा व्यायाम. आता दर गुरुवारी सकाळी दवाखान्यात न्यायचं, थेट मार्चपर्यंत. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावलं आहे — खांदा गार पडू द्यायचा नाही. आणि मी नेते ती ह्या चालत्याफिरत्या शीतपेटीतून. आई पुढच्या सीटवर शाल, तिच्यावर रजई, डोक्यावर बाबांची कानटोपी अशी बसते. नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. पण तक्रार म्हणून नाही. "मला आहे तसं बरं आहे ग. कशाला हवाय हीटर?"

धाकटा दवाखान्याच्या दारात उभा होता. गाडीचं दार उघडून आईचा हात धरला आणि ओरडलाच, "ताई, ही गाडी आहे की फ्रीज?"

मग तिथेच फुटपाथवर भाषण. "तुझ्या भावना मला कळतात, पण खांदा आईचा आहे. ऑफिसात एकाला जुन्या गाड्यांचं वेड आहे, तो आज सांगितलं तर आज घेऊन जाईल. महिनाअखेरपर्यंत गरम झाली तर ठेव. नाही तर द्यायची." गाडी बाबांच्या मागे आमच्या दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. आणि तो बोलतोय ते बरोबरच आहे. तेच तर झोंबतं!

मी म्हटलं, "होईल गरम."

"बाबांना जन्मात जमलं नाही ते तुला तीन आठवड्यांत जमणार?"

आई कानटोपीतून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

६ डिसेंबर, शुक्रवार

गाडी जाणार नाही. बस्स.

८ डिसेंबर, रविवार

बॉनेट उघडलं आणि वास आला. जुनं तेल, तापून तापून कडक झालेलं रबर, आणि त्यात कुठेतरी बाबांचा हात धुवायचा साबण. साबणाचा भास असेल. पण बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, कपाटातल्या त्यांच्या शर्टांचा वास केव्हाच उडाला, आणि इथे अजून शाबूत! मी बराच वेळ तशीच वाकून उभी. शेजारच्यांना वाटलं असेल, हिला काही कळत नाहीये.

कळतं की! अकरा वर्षांची होते तेव्हापासून कळतं. हिवाळा लागला की दर रविवारी सकाळी आमचं दोघांचं हेच काम — हीटर. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. पंपांच्या गडगडाटात राहून राहून त्यांची बोलायची सवयच मोडली होती. घरी आले की "हं", "बरं", "झोपतो". एवढ्यावर आठवडा निघायचा. पण रविवारी पान्ह्यांची पेटी उचलून दारात थांबायचे आणि म्हणायचे, "यंदा सापडतंच बघ." मग मी टॉर्च घेऊन त्यांच्या मागे. धाकटा कधी यायचा नाही. त्याला थंडी वाजायची. तो खिडकीतून वेडावून दाखवायचा.

आणि बॉनेटखाली तोच माणूस काय बोलायचा! पाणी कसं चढतं, कुठे अडतं, आत हवा राहिली की पंप नुसता बोंबलतो पण पाणी हलत नाही. मधेच लहानपणी नदीत बुडता बुडता वाचले ती गोष्ट. मधेच, "तुमच्या त्या गणिताच्या बाई अजून रागावतात का?" म्हणजे मी आईला सांगितलेलं सगळं ते ऐकत असायचे! फक्त उत्तर द्यायला रविवार लागायचा. "टॉर्च माझ्या तोंडावर नको, कामावर धर." हे वाक्य दर रविवारी.

त्यांचा क्रम ठरलेला होता. पाणी पुरेसं आहे का? पाण्यात हवा आहे का? पाणी तापतंय का? तापलेलं पाणी हीटरपर्यंत पोचतंय का? चौथ्या प्रश्नापर्यंत जेवायची वेळ व्हायची.

आज मीही तिथूनच सुरुवात केली. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी बोटभर कमी. भरलं. मग गाडीचं तोंड चढाकडे करून झाकण उघडंच ठेवलं आणि इंजिन चालू केलं. हळूहळू बुडबुडे यायला लागले. बाबा ह्याला ढेकर म्हणायचे. चांगल्या चार ढेकरा दिल्या गाडीने. हीटर? जैसे थे!

एका पाइपावर क्लिपच्या जागी बाबांची तार आहे. तीन वेढे, पक्कडीने पिळलेले, आणि टोक आत वळवून दाबलेलं. तारेचं टोक बाहेर राहिलेलं त्यांना खपायचं नाही. "उद्या कुणाचा तरी हात इथे येणार. त्याला बोचायला नको." मी नवी क्लिप आणली होती. ती तशीच खिशात राहिली.

आई खिडकीत बसली होती, कप घेऊन. तेव्हाही तशीच बसायची.

११ डिसेंबर, बुधवार

आज रस्त्याइतकंच लक्ष तापमानाच्या काट्यावर. घर ते लॅब सगळा रस्ता संपला तरी काटा खालच्या रेघेवर पेंगतोय. म्हणजे इंजिन तापतच नाहीये! थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार. एवढंसं झाकण ते. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणं, एवढंच त्याचं काम. ते सताड उघडं राहिलं की पाणी आपलं रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत.

गॅरेजवाल्याला फोन केला. "ताई, ह्या गाडीचा थर्मोस्टॅट? बघतो. जुन्या मालात पडला असला तर तुमचं नशीब."

१२ डिसेंबर, गुरुवार

आईला म्हटलं, आज टॅक्सीने जाऊ. "मी नाही त्या टॅक्सीत बसायची. काय हाणतात गाड्या!" मग पुन्हा शाल, रजई, कानटोपी, आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. दवाखान्यात बाईंनी खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरचे तक्ते वाचत बसले. धाकट्याला ह्यातलं काही सांगितलेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

मिळाला! जुन्या मालात पडलाच होता. जुना काढला तर तोंड वासून बसलेला, कडेला गंज. नवा बसवला, पाणी भरलं, ढेकरा काढल्या आणि एक चक्कर मारून आले. काटा सरसर मध्यावर! मी गाडीत एकटीच "वा!" म्हणून ओरडले.

हीटर? हवा आता गरम आहे. पण आहे कुठे? पायाशी हात धरला तर जेमतेम कळतं.

मग चौथा प्रश्न. इंजिनातून हीटरकडे दोन पाइप जातात. एकातून गरम पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. दोन्ही चटका बसण्याइतके गरम हवेत. जाणारा गरम होता, येणारा कोमट. म्हणजे आत गाळ. दोन्ही पाइप सोडवले, बागेची नळी उलट्या बाजूने लावली आणि सोडलं पाणी. चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग मातीच्या रंगाचं, मग एकदाचं स्वच्छ. कोपरापर्यंत भिजले, दात वाजत होते, पण मजा वाटत होती. खोटं कशाला बोलू?

इथेच, ह्याच पाइपांवर वाकलेले असताना मी बाबांना सांगितलं होतं. सतरा वर्षांची होते. घरात सगळ्यांचं ठरलं होतं की मी शिक्षिका व्हायचं. मी म्हटलं, "बाबा, मला दातांचा कोर्स करायचाय. कवळ्या बनवायचा." बाबा म्हणाले, "टॉर्च जरा डावीकडे." मला वाटलं, ऐकलंच नाही. पाइपाची क्लिप घट्ट करून झाली, हात पुसून झाले, मग म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा. होईल." संध्याकाळी आईला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण शिक्षिकेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

सगळं जोडलं. दोन्ही पाइप चटका बसेल इतके गरम. चारही प्रश्न सुटले! आणि पाय गारच.

बाबाही दर हिवाळ्यात इथेच येऊन थांबायचे. बॉनेट लावायचे, त्यावर थाप मारायचे. "पुढच्या रविवारी बघू." तेव्हा ते ऐकायला किती छान वाटायचं! आज रडूच आलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

धाकट्याचा फोन. गिऱ्हाईक एकोणतीस तारखेला, रविवारी गाडी बघायला येणार. "ताई, तू वाईट वाटून घेऊ नकोस." आवाज त्याचाही नीट नव्हता. लहानपणी मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपायचा हाच!

तापाचा रविवार आठवला. मी असेन तेरा-चौदाची. अंगात ताप म्हणून आईने बाहेर पाठवलं नाही. बाबा एकटेच गेले. एवढ्या वर्षांत तेवढा एकच रविवार ते एकटे गेले असतील. आणि लवकर परत आले. हातही काळे नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाठमोऱ्या आईकडे नुसते बघत राहिले, आणि हसले. बाबा हसले म्हणजे घरात घटना! मी पांघरुणातून विचारलं, "सापडलं?" तर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "तू बरी हो आधी. तुझ्याशिवाय कसलं सापडतंय." त्या एका वाक्यावर मी दोन दिवसांत ठणठणीत झाले होते.

१९ डिसेंबर, गुरुवार

सापडलं! म्हणजे काय बिघडलंय ते नाही, पण कुठे बघायचं ते.

दवाखान्याच्या वाटेवर काच भराभर स्वच्छ होत होती. थर्मोस्टॅट बदलल्यापासून होतेय, पण मी लक्षच दिलं नव्हतं. सिग्नलला हातमोजा काढून काचेपाशी हात धरला, तर गरमागरम वारा! जोरदार. खाली पायाशी हात नेला, तर काही नाही. वर आहे आणि खाली नाही! पाणी तेच, पंखा तोच. मग हे पाण्याचं दुखणं नव्हेच. हवेची वाट अडली आहे, खाली जाणारी.

आणि आम्ही दोघं इतके हिवाळे पाणी उपसत बसलो होतो! बाबा पंपघरातले, त्यांचा सगळा जीव पाण्यात. हवा म्हणजे त्यांच्या लेखी पाण्यात शिरलेला शत्रू. आणि मी त्यांची शिष्या. हवा जाते कुठून, हा प्रश्न आमच्या क्रमात नव्हताच. मी मोठ्याने म्हटलं, "आई, पाणी नाही ग, हवा! हवा!"

मागच्याने हॉर्न वाजवला. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कशाला आता उगाच उचकटतेस ते. आहे तसं असू दे." वर, "माझी शाल नीट कर."

इतके दिवस खिडकीत बसून मजा बघत होती, तेव्हा नव्हतं वाटलं उगाच!

२२ डिसेंबर, रविवार

 

सकाळी पुढच्या सीटसमोर उताणी झाले, डोकं डॅशबोर्डखाली. पायाकडे हवा सोडणारी जाळी हाताने ओढली तशी निघाली. आत रुंद नळी, थोडी वर जाऊन वळलेली. टॉर्च मारला तर वळणापर्यंतच दिसतं. हात घातला, बोटांच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं आणि हात अडकला. मेलेला उंदीर! असंच वाटलं. ओरडून बाहेर आले, डोकं आपटलं.

मग लॅबच्या पिशवीतला छोटा आरसा आठवला. लांब दांडीचा, दाढेच्या मागचं बघायचा. तो वळणापलीकडे सरकवला आणि टॉर्च आरशावर मारला. रोज करते तेच काम, फक्त आज तोंड गाडीचं.

उंदीर नव्हता. कापड होतं. फिकट पिवळं फ्लॅनेल. त्याचा घट्ट बोळा करून नळीत बसवला होता, आणि पलीकडच्या बाजूने त्याला तार गुंडाळून तार आतल्या स्क्रूला अडकवली होती. बोळा सरकून पंख्यात जाऊ नये अशी. आरशात मला तारेचं टोक दिसलं. आत वळवलेलं.

नळीचं वरचं झाकण उघडून तो बाहेर काढायला दुपार झाली. धाकट्याचं तान्हेपणीचं दुपटं. आईने पुढे त्याचं फडकं केलं होतं, हंसांची नक्षी अजून दिसते. आणि तार बाबांची. तीन वेढे.

पंखा लावला. पायावर असा गरम झोत आला की मोजे भाजतील. आणि मी तिथे उताणी पडून — काय झालं मला कळेना. आनंद व्हायला हवा होता ना?

बाबांना माहीत होतं. बोळा त्यांनीच बसवला होता. मग त्या सगळ्या रविवारी आम्ही काय शोधत होतो? माझे हात गारठायचे, टॉर्च धरून धरून दंड दुखायचा, "यंदा सापडतंच बघ" ऐकून मी उड्या मारत मागे जायचे. आणि ह्यांना माहीत! पोरगी काय, धरतेय टॉर्च, धरू दे. असं का करेल कुणी?

आईला एवढंच सांगितलं, "हवा अडली होती, झालं मोकळं." बोळा माझ्या खोलीत कपाटावर ठेवला आहे. तिला नाही दाखवणार. ती बाबांची कानटोपी घालून झोपते हल्ली.

२३ डिसेंबर, सोमवार

गाडी इतकी गरम की लॅबपर्यंत कोट काढून ठेवला. सगळे दात सरळ बसले. मन कशातच नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

मला बाबांचा राग आलाय. पहिल्यांदाच. आणि आता तो सांगायचा कुणाला?

२६ डिसेंबर, गुरुवार

सगळं लिहिते. नीट लिहायला हवं.

आई गाडीत बसली. शाल, रजई, कानटोपी. कोपऱ्यावरून वळेपर्यंत काटा मध्यावर आला आणि मी दांडा ओढला. गरम हवा तिच्या पायावर गेली. आधी तिने रजई बाजूला सारली. मग शाल. मग कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्या कडा सरळ करत राहिली.

"सापडलं वाटतं माझं दुपटं," आई म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली.

मी दहा वर्षांची असतानाची गोष्ट. बाबा रात्रपाळीहून आले आणि तसेच आम्हाला घेऊन मावशीकडे निघाले. पहाटेची वेळ. मी आणि धाकटा मागे गाढ झोपेत. नवीनच घेतलेली गाडी, हीटर जोरात, काचा बंद. "ह्यांची मान खाली गेलेली मी बघितली," आई म्हणाली. "गाडी रस्ता सोडून खडीवर. पुढे पुलाचा कठडा. मी स्टिअरिंग धरून ओढलं. हे जागे झाले, म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, कुत्रं आडवं आलं."

"आणि तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी विकून मोकळे झाले असते. तुमच्या जिवाला धोका झाला म्हटल्यावर त्यांनी पुन्हा चावी हातात घेतली नसती. त्या माणसाला दुसरी हौस काय होती ग? पंपघर आणि घर. ऊब लागली म्हणून डोळा लागला ना? म्हटलं, ऊबच नको. मी गाडी आतून झाडायची, जाळी हाताने निघते हे मला माहीत होतं. दुपटं घेतलं आणि हात जाईल तिथवर कोंबलं."

"अग पण ते शोधून काढतील असं नाही वाटलं?"

"ते पाण्यात शोधणार. हवेकडे कशाला बघतायत!" आणि हसली. खरंच हसली, खांदा दुखला तरी.

मी विचारलं, मग नंतर तरी का नाही काढलंस? काचेवरून थेंब ओघळत होते, आई ते बघत होती.

"काढणार होते. पहिल्याच हिवाळ्यात. खिडकीशी आले तर तुम्ही दोघं वाकलेले, आणि हे बोलतायत. हात हलवून हलवून बोलतायत! माझ्याशी कधी एवढं बोलले नव्हते. तू मान हलवतेयस. मी कप घेऊन तिथेच बसले. म्हटलं, हीटर लागला की हे संपलं. मग राहू दिलं." आणि थोड्या वेळाने, "अधूनमधून हात घालून बघायची. बोटाला लागायचं. होतं तिथेच. मला वाटायचं, काय घट्ट बसलंय बाई. पुढे तर हे रात्रपाळीहून आले की आधी झोप काढायचे, मगच गाडीला हात लावायचे. काळजी तशी उरलीच नव्हती. तरी राहू दिलं."

"आणि आता ग? मी तीन आठवडे कुडकुडत वाकलेय, तुझा खांदा गारठतोय, गाडी विकायला निघालीय. तरी गप्प?"

"तू बॉनेटखाली वाकलीस की वाटायचं, आता हे म्हणतील, टॉर्च कामावर धर." कानटोपीची कड पुन्हा सरळ केली. "शेवटच्या दिवशी सांगणार होते."

मी तिला जवळ घेतलं. डाव्या बाजूने, खांदा सांभाळून. गाडीत इतकं गरम होत होतं की दोघींनाही घाम आला.

म्हणजे बाबांना काही माहीत नव्हतं! बिचारे! मी चार दिवस त्यांच्यावर रागावून बसले होते. आई इतके हिवाळे खिडकीतून बघत होती, तार पिळायची त्यांची पद्धतही बघून बघूनच शिकली असणार. हंसांच्या दुपट्याने पंपघराच्या माणसाला जन्मभर हरवलं!

दवाखान्यापाशी धाकटा उभा होताच. दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तसाच राहिला. मग मागचं दार उघडून मागच्या सीटवर येऊन बसला. लहानपणीच्या त्याच्या बाजूला. "पाच मिनिटं बसू दे, ताई." उठला तेव्हा म्हणाला, "त्याला फोन करून सांगतो, गाडी द्यायची नाहीये म्हणून."

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी दुपटं खाली आणून आईच्या मांडीवर ठेवलं. तार अजून तशीच होती. म्हटलं, "कोंबलंस ते कोंबलंस, पण तार कशी पिळलीस ग एवढी घट्ट?"

"तार? कसली तार?"

तिने चष्मा लावला. तारेवरून बोट फिरवलं. तीन वेढे. बोट टोकापाशी येऊन थांबलं. टोक आत वळवलेलं, बोचलं नाही.

"मी नुसतं कोंबलं होतं," आई म्हणाली.

चहा गार झाला. मला तापाचा रविवार आठवत होता. मग आईच म्हणाली, "दर रविवारी पेटी घेऊन दारात थांबायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, यंदा सापडतंच बघ."